वनस्पतींचें श्वसन : एका गैरसमजाचा इतिहास



ज्याचें उभें आयुष्य कल्याणांत प्राथमिक शाळेच्या मुलांना शिकविण्यांत गेलें आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपाशीं थांबलें, अशा मास्तरानें शास्त्राच्या इतिहासावर बोलूं धजावें हें थोडें धाडसाचेंच आहे. परंतु आजचा विषय माझ्या हौसेचा नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें तो वर्गांत माझ्यापुढें ठेवला होता, आणि त्या दिवशीं मीं तो बाजूस सारला. तें देणें अजून अंगावर आहे.

कल्याण हें आगगाडीचें मोठें जंक्शन. त्यामुळें आमच्या वर्गांत निरनिराळ्या मुलखांतलीं मुलें येत. बापाची बदली झाली कीं मूल येई, पुन्हां बदली झाली कीं जाई. सहावीच्या वर्गांत असाच एक सोलापूर जिल्ह्यांतून आलेला, अंगानें किरकोळ, फारसें न बोलणारा मुलगा होता. मीं फळ्यावर दोन चित्रें काढलीं होतीं. माणसाच्या नाकाकडे प्राणवायु जात आहे व कर्बवायु बाहेर पडत आहे. झाडाच्या पानाकडे कर्बवायु जात आहे व प्राणवायु बाहेर पडत आहे. (ज्यास आजच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्यास मी जुन्या संवयीनें कर्बवायु म्हणतों.) चित्रांखालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें : ‘झाडें आपल्या उलट श्वास घेतात.’ हें वाक्य मी दरवर्षीं लिहीत असें. मुलांच्या तें चटकन् लक्षांत राही, आणि लक्षांत राहणारें वाक्य खरेंच असलें पाहिजे अशी माझी समजूत होती.

तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, माझा चुलता ज्वारीच्या पेंवांत उतरला, तो आंतच गुदमरून गेला. पेंवांत माणूस नव्हतें, जनावर नव्हतें, नुसती ज्वारी होती. ज्वारी झाडाचीच ना? मग तिनें प्राणवायु द्यायला पाहिजे होता.”

वर्ग चूप झाला. मजजवळ उत्तर नव्हतें, आणि उत्तर नाहीं असें सांगण्याचें धैर्यहि नव्हतें. “तो विषय वेगळा आहे, बस खालीं,” असें मी म्हणालों आणि धडा पुढें चालू केला. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली व तो शाळा सोडून गेला.

‘पेंव फुटणें’ हा वाक्प्रचार आपण वर्तमानपत्रांत नेहमीं वाचतों, परंतु शहरांत वाढलेल्या फारच थोड्यांनीं पेंव पाहिलें असेल. देशावर धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत खोल खड्डा घेत. तोंड अरुंद, पोट मोठें. आंतून कडबा किंवा भुसा लावून त्यांत धान्य भरीत आणि तोंड दगडमातीनें पक्कें लिंपून टाकीत. पुढें पेंव उघडावयाचें झालें म्हणजे जाणतीं माणसें लगेच आंत उतरत नसत. तोंड मोकळें करून बराच वेळ वारा लागूं देत, मग दोरीला कंदील बांधून आंत सोडीत. कंदील विझला तर कोणी उतरावयाचें नाहीं. ज्यांनीं ही रीत मोडली त्यांपैकीं कित्येक वर आले नाहींत.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मी शोधूं लागलों तेव्हां मला आढळून आलें कीं, माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती. तिला अडीचशें वर्षांचा इतिहास आहे. तींत माझ्याहून फार मोठीं माणसें सांपडलीं आहेत. आणि तिचा निकाल लावणाऱ्या मोजक्या लोकांत एक मराठी बाई आहे.

वनस्पति खाते काय, हा प्रश्न आधीं निघाला. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंट नांवाच्या वैद्यानें २०० पौंड वाळविलेल्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लाविलें आणि पांच वर्षें त्यास पाण्यावांचून कांहीं दिलें नाहीं. शेवटीं झाडाचें वजन १६९ पौंडांवर गेलें; माती अवघी दोन औंस घटली. तेव्हां झाड पाण्याचेंच बनतें, असें त्यानें ठरविलें. हा वृत्तान्त त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं छापून निघाला. अनुमान फसलें, कारण हवेचा हिशेब त्यानें धरलाच नव्हता.

तो हिशेब प्रथम मांडला लीड्स शहरांतील जोसेफ प्रीस्टले ह्यानें. हा गृहस्थ धंद्यानें धर्मोपदेशक. कांचेच्या हंडीखालीं मेणबत्ती जळत ठेवली कीं थोड्या वेळानें विझते आणि त्या हवेंत उंदीर ठेवला तर तो जगत नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. १७ ऑगस्ट १७७१ रोजीं त्यानें अशा बिघडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनीं, २७ तारखेस, त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती झकास पेटली. पेंवांत सोडलेला कंदील आणि प्रीस्टलेची मेणबत्ती ह्यांचें काम एकच : हवा कशी आहे तें दाखविणें. फरक इतकाच कीं, पुदिन्यानें हवा सुधारली आणि ज्वारीनें बिघडविली. हा फरक कां पडावा, हीच तर आमच्या विद्यार्थ्याची शंका होती.

प्राणी हवा बिघडवितात, वनस्पति ती सुधारतात. जगाची घडी किती सुबक बसविलेली आहे! हा विचार त्या काळच्या विद्वानांस इतका गोड वाटला कीं तो वाऱ्यासारखा पसरला. पण प्रीस्टले पुन्हां प्रयोग करूं गेला तों कधीं तो साधे, कधीं फसे. कधीं झाडानें हवा अधिकच बिघडविलेली आढळे. स्वीडनमध्यें शेले नांवाच्या रसायनशास्त्रज्ञास तर उलटाच अनुभव आला. दोघेहि प्रामाणिक, दोघेहि कुशल, आणि दोघांच्या हंड्या दोन गोष्टी सांगत होत्या.

हें कोडें यान इंगेनहौस ह्या डच वैद्यानें सोडविलें. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील मंडळींना देवीची टोंचणी केल्यामुळें त्याचें नांव झालें होतें. १७७९ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत राहून त्यानें पांचशेंहून अधिक प्रयोग केले. पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हांत बुडबुडे येतात, अंधार केला कीं थांबतात. हे बुडबुडे प्राणवायूचे असतात. आणि हें काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात, असें त्यानें दाखविलें. आमच्या काळ्या तलावांतून पाण्याखालीं वाढणारी बारीक पानांची वनस्पति आणून कांचेच्या बरणींत घातली आणि बरणी खिडकींतल्या उन्हांत ठेवली कीं, बुडबुड्यांची माळ वर चढतांना मुलें तास संपला तरी जागचीं हलत नसत. मात्र इंगेनहौसनें आणखीहि एक गोष्ट पाहिली होती, ती मीं कधींच दाखविली नाहीं. मुळें, फुलें, फळें, आणि अंधारांत ठेवलेलीं पानेंदेखील, तुम्हां-आम्हांप्रमाणें हवा बिघडवितात. त्याच्या पुस्तकाच्या लांबलचक नांवांतच दोन्ही गोष्टी घातलेल्या आहेत : वनस्पति उन्हांत हवा शुद्ध करतात, आणि सावलींत व रात्रीं ती खराब करतात.

जगानें पहिली गोष्ट डोक्यावर घेतली आणि दुसरीची नुसती भीति घेतली. आजाऱ्याच्या खोलींतून रात्रीं फुलदाण्या बाहेर काढण्याची रूढि युरोपांत पडली, ती ह्याच भीतींतून. आपल्याकडेहि रात्रीं झाडाखालीं निजूं नये असें वडील माणसें सांगत, आणि त्याच तोंडानें पिंपळ मात्र रात्रींहि प्राणवायु देतो असेंहि सांगत. दोन्हींत तथ्य नाहीं. फुलदाणींतल्या चार फुलांचा कर्बवायु त्याच खोलींत निजलेल्या माणसाच्या उच्छ्वासापुढें नगण्य असतो. आणि पिंपळास उजेडावांचून प्राणवायु तयार करतां येत नाहीं. तुळशीसहि येत नाहीं. घायपात, निवडुंग अशा कांहीं वनस्पति रात्रीं पानांचीं किंवा खोडाचीं छिद्रें उघडून कर्बवायु आंत घेऊन ठेवतात, हें खरें. पण प्राणवायु बाहेर सोडावयास त्यांनाहि सूर्य उगवावा लागतो. पिंपळाची पूजा करणाऱ्यानें ती खुशाल करावी. तिला रसायनशास्त्राचा टेकू देण्याची गरज नाहीं.

ह्याच सुमारास पॅरिसमध्यें लाव्हाझिये दुसऱ्या बाजूनें त्याच ठिकाणीं येत होता. १७८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यानें लाप्लास ह्या गणित्याच्या मदतीनें एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें, आणि तेवढाच कर्बवायु निर्माण करणाऱ्या कोळशाच्या उष्णतेशीं तें ताडून पाहिलें. दोन आंकडे पुष्कळसे जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असा त्यानें निष्कर्ष काढला. चुलींत लांकूड जळतें, अंगांत अन्न जळतें; दोहोंस प्राणवायु लागतो, दोहोंतून उष्णता व कर्बवायु निघतो. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत ह्या माणसाचा शिरच्छेद झाला.

लाव्हाझियेची ही दृष्टि वनस्पतींना लावली जिनीव्हाच्या सोस्यूर ह्यानें. १८०४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें मोजून दाखविलें कीं, वनस्पतीचें वजन हवेंतील कर्बवायु आणि पाणी ह्या दोहोंच्या संयोगानें वाढतें. व्हान हेल्मोंटच्या पाण्यास त्याचा जोडीदार असा दीडशें वर्षांनीं सांपडला. त्याबरोबरच रुजणारीं बियाणें प्राणवायु खातात, कर्बवायु सोडतात, आणि प्राणवायु मिळाला नाहीं तर रुजत नाहींत, हेंहि त्यानें सांगितलें. येथें खरें म्हणजे वाद मिटावयास हवा होता.

तो मिटला नाहीं. शेतकीच्या रसायनशास्त्राचा मोठा आचार्य म्हणून ज्याचा दबदबा, त्या जर्मनीच्या लीबिगनें १८४० च्या सुमारास असें मांडलें कीं वनस्पति श्वसन करीतच नाहींत. रात्रीं पानांतून निघणारा कर्बवायु हा मुळांनीं जमिनींतून शोषलेला असतो व उजेड नसल्यामुळें तो तसाच निसटून जातो. एवढ्या मोठ्या माणसानें असें म्हटल्यावर लहानांनीं काय करावें? पुढें यूलियस झाक्स ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्या मताचा कडक समाचार घेतला. पानांतील हरितद्रव्याच्या कणांत उजेडांत पिष्ट तयार होतें, हें १८६० नंतरच्या दशकांत आयोडिनच्या साहाय्यानें दाखविणारा तो हाच. अर्धें पान काळ्या कागदानें झांकून मुलांना आपण जो प्रयोग दाखवितों, तो त्याच्याच वाटेनें आलेला आहे. अन्न करणें हें एक काम, श्वसन हें दुसरें. पहिलें हिरव्या भागांत व उजेडांत चालतें, दुसरें प्रत्येक जिवंत भागांत अहोरात्र चालतें, हा भेद झाक्सनें ठणकावून सांगितला. ‘प्रकाशसंश्लेषण’ ह्या शब्दाचें इंग्रजी मूळ तर १८९३ सालीं सुचविलें गेलें. तोंवर पानाच्या ह्या कामास पुष्कळ लेखक वनस्पतीचा ‘श्वास’च म्हणत, आणि मला वाटतें, सगळा घोटाळा ह्या एका शब्दानें माजविला.

मराठींत तो अधिकच वाढला. श्वासोच्छ्वास म्हणजे छाती वरखालीं करून हवा आंतबाहेर करणें. श्वसन म्हणजे पेशीच्या आंत अन्न जाळून शक्ति मिळविणें. पहिलें झाडास नाहीं, दुसरें आहे. आम्ही मास्तर मंडळी दोन्ही शब्द एकाच अर्थानें वापरीत असूं, आणि वर तिसरेंच काम, म्हणजे अन्न तयार करणें, त्याच गाठोड्यांत बांधीत असूं.

कोणी विचारील, दिवसा झाड श्वसन करतें तर त्याचा कर्बवायु बाहेर कां दिसत नाहीं? किराण्याच्या दुकानदाराचें उदाहरण घ्या. दिवसभर गल्ल्यांत पैसे पडत असतात आणि मधूनमधून त्यांतूनच हमालाला, चहावाल्याला दिले जात असतात. समोर बसलेल्यास वाटतें, येथें नुसती जमाच चालली आहे. दुकान बंद झाल्यावर घरखर्चास पैसे निघतात तेव्हां खर्च दिसतो. भर उन्हांत पानाची जमा खर्चाच्या कित्येक पट असते. श्वसनाचा कर्बवायु पान तेथल्या तेथें पुन्हां वापरून टाकतें व उरलेला प्राणवायु बाहेर सोडतें. तिन्हीसांजेस दोन्ही बाजू क्षणभर बरोबरीस येतात आणि मग खर्चाची बाजू उघडी पडते. शास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला आहे कीं, सर्व झाडें मिळून जितका कर्ब जमवितात त्यांपैकीं सुमारें निम्मा तीं स्वतःच्या श्वसनांत खर्च करून टाकतात.

इतकें झालें तरी एक शंका उरलीच होती. झाडें श्वसन करतात हें कबूल. परंतु तीं आपल्यासारखेंच करतात काय? पेशीच्या आंत जी यंत्रणा अन्नाची सांगड प्राणवायूशीं घालते, ती माणसांत आणि माठाच्या भाजींत एकच आहे, कीं निरनिराळी?

१९२५ सालीं केंब्रिज येथें डेव्हिड कीलिन ह्यानें माशांच्या, पतंगांच्या पंखांचे स्नायु आणि यीस्ट ह्यांतून प्रकाश पाठवून पाहतांना रंगपटावर कांहीं काळ्या रेघा पाहिल्या. यीस्ट ढवळून हवा दिली कीं त्या नाहींशा होत. हवा तोडली कीं परत येत. हें रक्तांतील रंगद्रव्याशीं नातें सांगणारें, लोह असलेलें द्रव्य होतें. त्याचें नांव त्यानें ‘सायटोक्रोम’, म्हणजे पेशीचा रंग, असें ठेविलें. हीं द्रव्यें पेशींत रांगेनें उभीं असतात. अन्नांतून निघालेले विद्युत्कण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातात आणि शेवटीं सायटोक्रोम ऑक्सिडेज ह्या विकराकरवीं प्राणवायूच्या स्वाधीन होतात. सायनाइडचें विष घाव घालतें तें ह्याच शेवटच्या कडीवर. कीलिननें आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पति ह्या तिघांचा उल्लेख केला होता. परंतु वनस्पतींच्या बाबतींत विद्वानांचें समाधान होईना. बटाटा कापून ठेवला कीं काळसर पडतो हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तें काम करणारें एक निराळेंच विकर आहे आणि तेंहि प्राणवायु खातें. मग वनस्पतीचें श्वसन ह्या विकराकडूनच होत नसेल कशावरून? असा पक्ष त्या वेळीं जोरांत होता.

येथें आपल्या कथेंत कमला भागवत येतात. आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविली. त्यानंतर ४७ वर्षांनीं, १९३३ मध्यें, मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. होऊन कमलाबाईंनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेशासाठीं अर्ज केला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेहि त्याच संस्थेंत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आणि नकाराचें कारण इतकेंच कीं अर्जदार स्त्री होती. कमलाबाई गांधीजींच्या मार्गानें जाणाऱ्या. त्या थेट संचालकांपुढें जाऊन उभ्या राहिल्या व सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटीं एक वर्ष उमेदवारी करावी, आणि पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित होऊं देऊं नये, अशा अटींवर त्यांना घेण्यांत आलें. रामन ह्यांच्या विद्वत्तेपुढें माझ्यासारख्यानें मान तुकवावी हेंच योग्य. पण ही अट वाचतांना ती मान थोडी अवघडते. वर्ष संपलें तेव्हां त्यांचें काम पाहून प्रवेश कायम झाला, आणि पुढें संस्थेचें दार इतर मुलींनाहि उघडलें. तेथें श्रीनिवासय्या ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें ह्यांतील प्रथिनांवर काम केलें.

तेथून शिष्यवृत्ति मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळविणारे हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. आरंभीं डेरेक रिक्टर ह्यांच्याबरोबर, आणि पुढें वनस्पतींच्या अभ्यासांत रॉबिन हिल ह्यांच्याबरोबर कमलाबाईंनीं काम केलें. विषय होता वनस्पतीच्या पेशींतील श्वसनाचा, आणि हातीं होता बटाटा. काळसर पाडणाऱ्या विकराचा गोंगाट बाजूला सारून, बटाट्यासारख्या वनस्पतीच्या पेशींतहि सायटोक्रोमची सांखळी व तिच्या टोकाचें ऑक्सिडेज हजर आहे, हें दाखवावयाचें होतें. तें त्यांनीं दाखविलें. १९३९ सालीं ‘नेचर’ ह्या साप्ताहिकांत हिल व भागवत ह्या जोड-नांवानें सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीं टिपण प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं कमलाबाईंना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, असें सांगतात. शास्त्रविषयांत पीएच. डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतात.

रॉबिन हिल ह्यांचें नांव वर ओझरतें आलें. तें तसें सोडून चालणार नाहीं. ह्याच दोन-तीन वर्षांत हिल आपल्या कथेच्या दुसऱ्या बाजूवर, म्हणजे हिरव्या पानाच्या कामावर, एक मोठा शोध लावीत होते. पान वाटून त्यांतील हिरवे कण, ज्यांस आपण हरितलवकें म्हणतों, त्यांनीं वेगळे काढले. त्यांस कर्बवायु दिला नाहीं. लोहाचा एक क्षार दिला आणि उजेड पाडला. हरितलवकांनीं प्राणवायु सोडला. तो सुटला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हिल ह्यांनीं काय वापरावें? प्राण्यांचें रंगद्रव्य, जें प्राणवायु मिळतांच आपला वर्ण बदलतें. पानाच्या प्राणवायूची साक्ष अशी रक्ताच्या नातलगानें दिली! ह्यावरून असें दिसूं लागलें कीं पानांतून निघणारा प्राणवायु कर्बवायूंतून येत नसावा, पाण्यांतून येत असावा. १९४१ मध्यें अमेरिकेंत जड प्राणवायु घातलेलें पाणी वापरून रूबेन व केमन ह्यांनीं त्यास पुष्टि दिली. म्हणजे फळ्यावर मीं काढलेल्या चित्रांत आणखी एक खोट होती. कर्बवायु आंत गेला आणि त्याचाच प्राणवायु होऊन बाहेर आला, असा त्या बाणांचा अर्थ होई. वस्तुतः ते दोन निराळे व्यवहार आहेत. प्राणवायु येतो तो व्हान हेल्मोंटच्या पाण्यांतून.

कमलाबाई १९३९ मध्यें स्वदेशीं परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथें काम करून, विवाहानंतर कमला सोहोनी ह्या नांवानें त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या आणि पुढें तेथील संचालकहि झाल्या. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेच्या पोषकपणावर संशोधन केलें. आदिवासी मुलें व गरोदर स्त्रिया ह्यांच्या आहारांत नीरेचा उपयोग होतो असें दाखविल्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. १९९८ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांची थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. १९५६ सालचें दुर्गाबाईंचें ‘ऋतुचक्र’ पुष्कळ घरांत असेल. एका बहिणीनें झाडांचे बारा महिने पाहिले, दुसरीनें बटाट्याच्या पेशींतला रंग पाहिला. पहिलीचें नांव घराघरांत आहे, दुसरीचें मला स्वतःला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळलें. तीस वर्षें मी जो धडा शिकवीत होतों त्याच धड्यांतलें तें नांव!

हें सर्व वाचून झाल्यावर, नोकरीच्या अखेरच्या दोन वर्षांत मीं फळ्यावरचें जुनें वाक्य लिहिणें सोडलें. त्याऐवजीं दोन थर्मास बाटल्या आणीत असें. एकींत मोड आलेली मटकी, दुसरींत उकडून निववलेली. दोहोंच्या तोंडाशीं कापूस आणि आंत तापमापक. दुसऱ्या दिवशीं मोडाच्या मटकीचा पारा वर चढलेला असे, उकडलेलीचा जागच्या जागीं. मग बंद बरणींत त्याच मोडाशेजारीं चुन्याची निवळी वाटींत ठेवीत असूं. सकाळपर्यंत निवळी दुधासारखी होई. “गुरुजी, मटकी जिवंत आहे!” असें एक मुलगी ओरडली, तेव्हां तिला तरी मी खालीं बस म्हणालों नाहीं.

एकदां वर्ग घेऊन खाडीकाठीं गेलों. ठाणें-कल्याणच्या बाजूस खाडीच्या चिखलांत तिवरांचीं झाडें आहेत. त्यांच्या भोंवतीं चिखलांतून पेन्सिली खोंचून ठेवाव्यात तशीं शेंकडों टोंकें वर आलेलीं असतात. तीं मुळेंच आहेत. खालीं चिखलांत प्राणवायु नाहीं, म्हणून तीं उलट दिशेनें, हवेंत वाढतात आणि भरती ओसरली कीं आपल्या बारीक छिद्रांनीं हवा आंत घेऊन खालच्या मुळांस पोंचवितात. झाडें उलटा श्वास घेतात असें म्हणणाऱ्यास एवढीं टोंकें दाखवावींत. चिखलांत नेहमींचें चालण्याचें काम नसल्यामुळें मुलांच्या चपला मात्र तेथेंच राहिल्या आणि मला पालकांची बोलणीं खावीं लागलीं.

आतां त्या मुलाविषयीं. तो आज चाळिशी ओलांडून गेला असेल. कोणत्या तरी स्टेशनच्या गांवीं हें भाषण त्याच्या कानीं पडत असल्यास त्याच्यासाठीं सांगतों. बाळ, तुझ्या चुलत्याच्या पेंवांतली ज्वारी जिवंत होती. अंधारांत ती अन्न करूं शकत नव्हती, पण श्वसन तिचें चाललेंच होतें. धान्य ओलसर व ऊबदार असलें कीं तें अधिकच चालतें, आणि त्यांतील कीड व बुरशी त्यांत भर घालतात. तोंड लिंपलेलें. आंतला प्राणवायु महिनोन्‌महिने खर्च होत गेला आणि कर्बवायु, जो हवेहून जड असतो, पोटाशीं सांचून राहिला. म्हणूनच पेंव उघडल्यावर वारा लागूं देत आणि कंदील सोडीत. हें तुझ्या घरच्यांना आमच्या क्रमिक पुस्तकांच्या आधींपासून ठाऊक होतें. त्या दिवशीं कंदील सोडला होता कीं नाहीं, एवढें तरी मीं तुला विचारावयास हवें होतें.